तांबूस नेमकं कुठे?

नाताळच्या सुट्टीत भाची नाशिकहून आली आणि दुसऱ्याच दिवशी माझी पक्ष्यांची वही घेऊन बसली. पुण्याच्या आसपास भटकून केलेल्या बारा वर्षांच्या नोंदी आहेत त्यात. अर्धा तास पानं उलटून झाल्यावर सईने विचारलं, "मामा, यांना बायका नाहीत का?"

मी वही ओढून घेतली. खरंच की. थिरथिरा, नर. गप्पीदास, नर. शिंजीर, नर. जिथे मादी होती तिथे 'नर १, मादी १', म्हणजे नवऱ्याच्या जोडीने आलेली. फोटोंची गत त्याहून वाईट. 'बुशचॅट फिमेल', म्हणजे गप्पीदासाची मादी, नावाच्या फोल्डरमध्ये अकरा फोटो होते, त्यांतले चार थिरथिऱ्याच्या मादीचे निघाले. ते नववीतल्या मुलीने पुस्तक शेजारी ठेवून शोधून काढले. स्वयंपाकघरातून तिची मामी हसल्याचा आवाज आला.

मग पैज लागली. माझी पाच दिवस रजा होतीच. पाच दिवसांत फक्त माद्या मोजायच्या, आणि सईच्या वयाच्या दुप्पट, म्हणजे २८ जातींच्या. झाल्या तर माझी जुनी आठ बाय चाळीसची दुर्बीण तिची. नियम तिनेच वहीच्या मागच्या पानावर लिहिले: नर शेजारी आहे म्हणून मादी ओळखली तर धरायची नाही. ॲप उघडायचं नाही. ओळख पटली असं म्हणताना दोन कारणं सांगायची. आणि शेवटचा नियम, जो पुढे मला फार महागात पडला: शंका असेल तर बाद.

पहिला दिवस : वेताळ टेकडी

सकाळी साडेसहाला पंचवटीच्या बाजूने चढलो. हात खिशातून काढवत नव्हते. वर खाणीपाशी पोचेपर्यंत ऊन यायला लागलं होतं आणि चालायला येणाऱ्यांची गर्दीही. पुण्यात टेकडीवर दुर्बीण गळ्यात घालून उभं राहिलं की कोणीतरी आजोबा हमखास थांबून विचारतात, "काय, मोर?" त्यांच्या समाधानासाठी म्हणून नव्हे, पण पहिली नोंद लांडोरीचीच झाली.

"हिला दोन कारणं कशाला हवीत?" सई म्हणाली. बरोबर आहे. मला तेव्हाच जाणवलं, मराठीत लांडोरीला स्वतःचं नाव आहे. कोकिळेला आहे. चिमणी तर उलटीच, तिच्या नावावर अख्खी जात चालते. ज्या पक्षिणी माणसाच्या अंगणात वावरल्या त्यांना नावं मिळाली, बाकीच्या सगळ्या नुसत्या 'मादी'.

खाणीच्या कडेला मात्र खरी परीक्षा होती. एका वेळी तीन तपकिरी पक्षी. एक दगडावर, एक जुन्या भिंतीवर, एक वाळक्या गवताच्या शेंड्यावर. तिघी चिमणीएवढ्या किंवा किंचित मोठ्या, तिघींच्या अंगावर कुठेतरी गंजासारखा तांबूस रंग. माझ्या त्या फोल्डरचा घोटाळा इथेच झाला होता.

"तांबूस आहे एवढं पुरत नाही," मी म्हटलं. "तांबूस नेमकं कुठे आहे ते बघ."

दगडावरची शेपूट पाठीवर उभी करून बसली होती, जवळजवळ डोक्याकडे झुकलेली. तांबूस रंग शेपटीच्या खाली, बुडाशी. वरून बघितली असती तर दिसलाच नसता. ती चीरक. नर असता तर काळाभोर चकचकीत आणि खांद्यावर पांढरा डाग. हिला डाग नाही, अंग करडं तपकिरी. भिंतीवरचीचं उलट: तिची शेपूटच तांबूस, मधली दोन पिसं तेवढी गडद, आणि शेपूट सारखी थरथरत होती. थिरथिऱ्याचं नाव त्या थरथरीवरूनच पडलंय, आणि थरथरण्यात नरमादी भेद नाही. गवतावरची कवड्या गप्पीदासाची मादी. हिचं अंग काजळी धरलेल्या भांड्यासारखं गडद, भुवई नाही, शेपूट काळपट, आणि तांबूस असतं ते शेपटीच्या वर, कमरेवर. बसलेली असताना पंखांनी झाकलं जातं. ती उडून दुसऱ्या काडीवर जाईपर्यंत आम्हाला वाट बघावी लागली.

सईने वहीत तीन अंडी काढली, त्यांना चोच आणि शेपूट लावली. दप्तरातून लाल स्केचपेन काढून एकीच्या शेपटीखाली, एकीच्या शेपटीत आणि एकीच्या शेपटीवर रंग भरला. खाली नावंही लिहिली नाहीत. इतक्या वर्षांत इतकी उपयोगी आकृती मी कुठल्याही पुस्तकात पाहिलेली नाही. पुस्तकांत काय असतं? नर पानभर, मध्यभागी, उजेडात. मादी त्याच्या मागे, अर्धी झाकलेली, 'मादी फिकट' एवढ्या दोन शब्दांत उरकलेली. फिकट म्हणजे काय? कोणापेक्षा? शेजारी नर नसेल तर फिकट कशाशी ताडून बघायचं?

चौथीही तिथेच भेटली. साधा गप्पीदास, हिवाळी पाहुणा. त्याची मादी कवड्यापेक्षा बरीच उजळ, पाठीवर रेघा, पंखावर पांढरा ठिपका, आणि कमरेचा रंग तांबूस नव्हे, पिकल्या पीचसारखा. सईने चौथं अंडं काढलं, पण त्या रंगाचं पेन नव्हतं.

उतरताना गिरिपुष्पाच्या झाडांत सुभगची मादी मिळाली. हिवाळ्यात नराचा उन्हाळी थाट उतरलेला असतो, तेव्हा शेपटी बघायची: नराची काळी, हिची हिरवट. सोनपाठी सुताराची मादी मिळाली, तिच्या कपाळावर पांढरे ठिपके असलेला काळा भाग आणि लाल तुरा फक्त मागे. आणि शेवटी वडाच्या आत, गुपचूप बसलेली कोकिळा. अंगभर पांढरे ठिपके, शेपटीवर पट्टे, लाल डोळा. सई हळूच म्हणाली, "ही गात नाही ना?" गातो तो काळा नर. हिच्या गळ्यात फार तर कर्कश 'किक-किक-किक' आहे. आपण मात्र चांगल्या गाणाऱ्या बाईला कोकिळा म्हणत आलो.

एकूण आठ. एक शिंजीर डोळ्यांसमोरून भुर्रकन गेला. पोट पिवळं होतं, बाकी काही नाही. बाद.

दुसरा दिवस : कवडी पाट

सोलापूर रस्त्यावर हडपसरच्या पुढे, मुळा-मुठेवरचा जुना बंधारा. शहरातून जे काही वाहून येतं ते इथे फेसाळून पडतं. वास येतो, जलपर्णी येते, प्लास्टिक येतं, आणि तरी हिवाळ्यात पक्षी येतात. याचं कौतुक करावं की वाईट वाटून घ्यावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सईने नाकाला ओढणी बांधली आणि कामाला लागली.

चक्रवाकांची जोडी होती, पण जोडी नियमात बसत नाही. थोडं पुढे एकटी मिळाली: केशरी अंग, चेहरा जवळजवळ पांढरा, गळ्यात काळी कंठी नाही. शेजारी हळदीकुंकू बदकं पसरली होती. त्यांच्यात नरमादी इतके सारखे की आम्ही त्यांच्याकडे बघितलंच नाही.

काठाच्या चिखलात धोबी पळत होते. पिवळ्या डोक्याच्या धोब्याची मादी म्हणजे डोकं पिवळं नसलेली, नावाने फसवणारी. पण तिच्या भुवईची पिवळी रेघ गालाच्या मागून वळून खाली येते, गालाभोवती चौकट केल्यासारखी. नुसत्या पिवळ्या धोब्याच्या मादीत ही चौकट पुरी होत नाही. सई म्हणाली, "चष्म्याची फ्रेम." बरं.

ब्लूथ्रोटची मादी पाणकणसातून बाहेर आली तेव्हा ती चक्क ओरडली, "तांबूस शेपटीच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना!" गळा मात्र निळा नाही, मळकट पांढरा, आणि त्यावर काळ्या रेघांची माळ. पाचवं अंडं.

चिमण्यांचा थवा काठच्या बाभळीत होता. चिमणीची मादी सोपी वाटते खरी, पण त्याच थव्यात सुगरणी मिसळल्या होत्या. सुगरणीची चोच जाड, भुवईवर पिवळसर झाक, पाठीवर ठळक रेघा. सई लिहायला लागली तसा मी तिचा हात धरला. सुगरणीचा नर पावसाळ्यात पिवळं डोकं मिरवतो. हिवाळ्यात ते उतरलं की तोही असाच मळकट. समोरच्या पंधरांत मादी कोण हे देवालाच ठाऊक. घरटं विणतो नर, नाव मात्र सुगरण, आणि थंडीत तोही बाईसारखा दिसणार.

"म्हणजे बाद?"

"बाद."

तिने फक्त चिमणी लिहिली, भुवई डोळ्यामागून निघालेली आणि पाठ कमी रेघांची म्हणून.

परत निघताना बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला, गवताच्या बुडाशी काहीतरी हललं. लांब चोच, फिकट तपकिरी अंग, पंखांवर सोनेरी ठिपके, डोळ्याभोवती बदामी पट्टा. रंगीत पाणलावा. सईने दोन कारणं सांगितली, "फिकी आहे आणि लपून बसली आहे," आणि लिहायला घेतलं. मी काही बोललो नाही. दोनच मिनिटांत मागून दुसरा पक्षी पाण्यात उतरला: मान आणि छाती गडद तांबूस-किरमिजी, डोळ्याभोवती पांढराशुभ्र पट्टा, खांद्यावरून पांढरी पट्टी.

"हा नर," ती म्हणाली.

"ही मादी."

या जातीत सगळं उलटं आहे. नटलेली ती, आणि अंडी उबवणारा, पिल्लं सांभाळणारा तो. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते. सईने आधी लिहिलेलं खोडलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू मघाशी गप्प का बसलास?" या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. मनातल्या मनात मला गंमत बघायची होती.

तेरा.

तिसरा दिवस : सिंहगड व्हॅली

गडाच्या पायथ्याला ओढ्याकाठची वाट. इथे आता पक्ष्यांइतकेच कॅमेरे असतात. पाण्याच्या एका छोट्या डबक्यासमोर दहा-बाराजण स्टुलांवर बसले होते, सगळ्यांच्या लेन्स एकाच फांदीवर रोखलेल्या. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर पाण्यावर येतो म्हणे, त्याची वाट. आम्ही मागे उभे राहिलो.

तांबूस पाठीचा, आखूड शेपटीचा नर्तक आला. कोणीतरी पुटपुटलं, "अरे, फिमेल." सगळ्यांच्या माना खाली, एकाने थर्मास उघडला. सई मात्र दुर्बीण लावूनच होती. "गळा काळा आहे," ती माझ्या कानात म्हणाली. "डोळ्याला निळी कड आहे." म्हणजे मादी नव्हेच ती. कोवळा नर. या पक्ष्याच्या नराला लांब शेपूट यायला वेळ लागतो. तोवर तो आईसारखाच दिसतो, फक्त गळा काळा. मादीचा गळा राखाडी.

त्या बाराजणांना हे सांगावं असं तिला वाटत होतं. मी नको म्हटलं. थर्मासवाल्या काकांनी मग आम्हाला चहा दिला, आणि चहा पिताना खरी मादी आली. राखाडी गळा, निळी कड नाही. पुन्हा कोणी कॅमेरा उचलला नाही. पांढरा नर आम्ही असेपर्यंत तरी आला नाही.

बाकी भराभर झालं. टिकेलच्या निळ्या माशीमाराची मादी, धुऊन धुऊन विटलेल्या निळ्या साडीसारखी. मोनार्कची मादी, डोकं निळसर, पाठ तपकिरी, मानेमागचा काळा ठिपका नाही आणि गळ्यातली काळी रेघही नाही. छोट्या निखाराची मादी, करडी पाठ, केशरी कंबर, पोट पिवळट. तोईपोपटाची मादी, राखाडी डोकं आणि त्याखाली पिवळी गळपट्टी. हळद्याच्या मादीवर दहा मिनिटं गेली. पोटावर रेघा असलेला हिरवट-पिवळा पक्षी पिल्लूही असू शकतो. अखेर चोच गुलाबी दिसली म्हणून धरली. पिल्लाची चोच काळपट असते.

एकोणीस. परतताना पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. सईने हिशेब केला: दोन दिवस, नऊ माद्या. माझी दुर्बीण तिच्याच गळ्यात होती, आणि ती परत मागायला मला संकोच वाटायला लागला होता.

चौथा दिवस : सुप्याचा माळ

सासवड, मोरगाव करत सुप्याला पोचलो तेव्हा सूर्य दोन हात वर आला होता. मयुरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारांसाठी राखलेलं. पण खरा माळ त्याच्या हद्दीबाहेरही पसरलेला आहे. सरकारी कागदांत अशा जमिनीला पडीक म्हणायची पद्धत आहे. पडीक म्हटलं की तिथे झाडं लावायची हौस सुटते, आणि झाडं आली की माळावरचे पक्षी जातात. हे मी सईला सांगत होतो तेव्हा ती दगडांकडे बघत होती.

दगडांत डोंबारी होता. तो वर चढतो, सूर मारतो, पुन्हा चढतो. म्हणूनच डोंबारी. त्याचं पोट काळं, ओळखायला कसलेही कष्ट नाहीत. नियमानुसार तो निघून जाईपर्यंत थांबायचं. तो गेल्यावर तिथे उरलेली मादी म्हणजे मातीच्या ढेकळाला पाय फुटावेत तशी. चिमणीच वाटते. पण चोच चिमणीपेक्षाही बुटकी आणि जाड, पाय आखूड, चालताना पोट जमिनीला टेकल्यासारखं, आणि ती फांदीवर नाही तर जमिनीवरच राहते. दख्खनचे पक्षी शास्त्रीय रीतीने नोंदवणाऱ्या कर्नल साइक्सने १८३२ साली आपली यादी छापली, त्यात या भागातल्या माळरानाचे किती पक्षी आहेत. त्या माणसाकडे दुर्बीण कसली असेल याचा मी नेहमी विचार करतो.

पाणवठ्यावर पखुर्ड्या उतरल्या. सकाळचं पाणी पिऊन दोन मिनिटांत जायच्या. मादीच्या अंगावर बारीक रेघा-ठिपक्यांची नक्षी, शेपटीला सुईसारखं पीस. रंगीत पखुर्डीच्या मादीला ती सुई नसते. इथे तेवढं पुरलं. एकवीस.

दुपार वाया गेली. ज्वारीत भारीटांचा मोठा थवा होता आणि त्यांच्या माद्या बघून मी हात टेकले. काळ्या डोक्याच्या भारीटाची मादी आणि तांबड्या डोक्याच्या भारीटाची मादी हिवाळ्यात समोरासमोर बसल्या तरी मला सांगता येत नाहीत. सईने वहीत लिहिलं, 'भारीट, ४०, मामाला येत नाही.'

मग संध्याकाळ. त्यासाठीच आलो होतो.

भोवते, म्हणजे हॅरिअर नावाचे शिकारी पक्षी, हिवाळ्यात कझाकस्तानकडच्या गवताळ प्रदेशांतून इथे येतात. दिवसभर माळावर खालून खालून उडत नाकतोडे आणि उंदीर शोधतात, आणि मावळतीला गवतात एकत्र मुक्कामाला उतरतात. पॅलिड आणि मॉन्टेग्यू या दोन्ही जातींचे नर राखाडी, लांबूनही सांगता येतात. माद्या तपकिरी, कमरेवर पांढरा पट्टा, शेपटीवर आडव्या पट्ट्या. सगळे पक्षीनिरीक्षक त्यांना सरसकट 'रिंगटेल' म्हणतात आणि सुटका करून घेतात.

आम्ही बांधाच्या आडोशाला बसलो. वारा पडला. पहिली दोन आली ती पोटाला एकसारखी नारिंगी, रेघ एकही नाही. त्या वर्षीची पिल्लं. सोडून दिली. मग ती आली. आमच्यापासून पन्नास-साठ पावलांवरून, गवताच्या शेंड्यांना पोट लागेल इतकी खाली, पंख किंचित वर उचललेले, डोकं खाली घालून. कमरेचा पांढरा पट्टा लख्ख. मान वळवली तेव्हा गालामागे गडद चंद्रकोर आणि तिच्या मागे फिकट कॉलर दिसल्यासारखी झाली.

"पॅलिड!" मी ओरडलो.

"दुसरं कारण?"

दुसरं कारण पंखाखाली असतं. हाताच्या मागच्या बाजूची पिसं पॅलिडच्या मादीत गडद, मधला फिकट पट्टा अंगाकडे येताना अरुंद होत विरून जाणारा. मॉन्टेग्यूच्या मादीत तोच फिकट पट्टा रुंद, स्वच्छ, अंगापर्यंत पोचणारा. ती वळली, पंख उचलला, मी फोटोंचा सपाटा लावला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठं करून बघितलं. पट्टा अंगापर्यंत पोचत होता. चांगला रुंद. म्हणजे मॉन्टेग्यू. मग कॉलर? पुन्हा चेहऱ्याचा फोटो. तो हललेला. कॉलर असेलही, मावळतीचा उजेडही असेल.

पंधरा मिनिटं आम्ही त्या पडद्यावर डोकी लावून बसलो. तोवर अंधार झाला आणि बाकीच्या सगळ्या भोवत्या गवतात उतरून गेल्या.

"पंख जास्त खरा," मी म्हटलं. "चेहरा फसवतो. मॉन्टेग्यू लिही."

"तू आधी पॅलिड म्हणालास. तेव्हाही असंच खात्रीने म्हणालास."

तिने 'रिंगटेल' असं लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला. आकडा एकवीसच.

पाचवा दिवस : भिगवण

रात्री बारामतीमार्गे भिगवणला मुक्काम केला होता, त्यामुळे साडेसहाला कुंभारगावच्या काठावर होतो. उजनी धरणाचा हा फुगवटा. धुकं इतकं की होडीचं टोकही पुसट दिसत होतं. होडीवाल्या दादांना आम्ही सांगितलं, रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, नकोत, बदकं दाखवा. ते म्हणाले, "रोहित नको म्हणणारं तुम्हीच पहिलं."

धुकं उठलं आणि समोर शेकडो तपकिरी ढेकळं. थापट्याची मादी त्या फावड्यासारख्या चोचीमुळे लगेच सापडली. तलवार बदकाची मादी लांब बारीक मान, करडी चोच आणि टोकदार शेपटीमुळे. गडवालची मादी चोचीच्या केशरी कडांवरून वाटली, पण दुसरं कारण पाण्याखाली होतं. उरल्या दोन लहानखुऱ्या: भुवई बदक आणि चक्रांग.

भुवई बदकाच्या मादीचा चेहरा रेघांचा आहे. भुवई फिकट, डोळ्यातून काळी रेघ, गालावर आणखी एक गडद रेघ, आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. चक्रांगचा चेहरा साधा, आणि शेपटीच्या मुळाशी कडेला एक फिकट रेघ. सईने रेघाळ चेहरा पकडला, दोन कारणं सांगितली, आणि पेन उघडून थांबली. माझ्याकडे बघितलं.

"सुगरणीसारखं नाही ना?"

तसंच होतं. भुवई बदकाचा नर पावसाळ्यात पिसं टाकून मादीसारखा होतो आणि त्याची ती पांढरी भुवई परत यायला हिवाळा बराच सरावा लागतो. डिसेंबरअखेर समोरच्या रेघाळ चेहऱ्यांतले निम्मे नरही असू शकतात. फरक पंखाच्या पुढच्या भागात, नराचा फिकट निळसर राखाडी, मादीचा तपकिरी करडा. पण पंख मिटलेले. बदकं पोट भरून निवांत. आणि त्यांना उडवायचं नाही, हा माझा नियम सईच्या सगळ्या नियमांपेक्षा जुना आहे.

दादांनी वल्हं आडवं ठेवलं. होडी वाहू दिली. आम्ही वाट बघत बसलो. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. सईचे ओठ थंडीने निळे पडले होते. मग दादा म्हणाले, "थांबा आता, आली बाई."

पाणकणसावरून दलदलीतला भोवता आला. गडद चॉकलेटी अंग, डोकं आणि गळा मलईच्या रंगाचे, पंखांच्या पुढच्या कडाही मलईच्या. मादीच, कारण पिल्लाच्या पंखाला ती कड नसते. कमरेला पांढरं काही नाही, त्यामुळे कालची डोकेदुखीही नाही. ती थव्यावरून एकदाच गेली आणि सगळं पाणी एकदम उठलं.

चार-पाच सेकंद. "निळा, निळा, करडा, निळा, करडा! हिरवा पट्टा, पुढे रुंद पांढरं! चौकोनी पांढरा!" सई उभी राहून ओरडत होती, होडी डुगडुगत होती आणि दादा तिचा फ्रॉक मागून धरून होते. करडी ती भुवई बदकाची मादी. हिरव्या पट्ट्याची चक्रांग. अंगालगत पांढऱ्या चौकोनाची गडवाल. बदकं एक चक्कर मारून पलीकडे उतरली.

सहा. एकूण सत्तावीस.

काठावर येऊन दादांच्या घरी जेवलो. चिलापीचा रस्सा, तळलेली चिलापी, ज्वारीची भाकरी. सई माशाचा काटा काढता काढता वहीकडे बघत होती. मी पाणी पिऊन घसा साफ केला.

"त्या रिंगटेलचा पंखाचा फोटो तसा स्पष्ट आहे," मी म्हटलं. "खरं तर मी एकटा असतो तर मॉन्टेग्यू म्हणूनच नोंद केली असती. ती धरली की अठ्ठावीस."

"शंका आहे की नाही?"

"थोडी."

"मग बाद." तिने गळ्यातली दुर्बीण काढली, पट्टा नीट गुंडाळला आणि माझ्या बॅगेत ठेवली.

परतीच्या शंभरेक किलोमीटरमध्ये ती झोपून गेली. दुसऱ्या दिवशी ताई तिला न्यायला आली.

चार दिवसांनी सकाळी सातला नाशिकहून फोन. कुजबुजत.

"मामा, आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर शिंजीर आलीय. पोट पिवळं."

"गळा?"

"गळा पांढुरका. राखाडी म्हण. पिवळं फक्त छातीवर."

जांभळ्या शिंजीराची मादी गळ्यापासून खालपर्यंत पिवळट. गळा पांढुरका आणि छाती पिवळी म्हणजे पंचरंगी शिंजीराची मादी असायला हवी. पण मी ते बोललो नाही.

"गळ्यावरून खाली मधोमध काळी रेघ आहे का? असली तर तो जांभळ्याचा नर. थंडीत त्याचाही रंग उतरलेला असतो."

"माहितीये. तेच बघतेय." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. "चष्मा नाहीये, दुर्बीणही नाहीये... थांब, पाठमोरी झाली."